रिते ठेवण्याची विद्या

१

पानिपत, कुरुक्षेत्र, अंबाला ही नावे ज्याच्या कानांवर बखरींतून आणि शाळेतील इतिहासाच्या पाठांतून पडलेली असतात, असा मराठी प्रवासी अंबाला मागे टाकून चंदीगडच्या सडकेला लागला म्हणजे लालडूनंतर त्यास डेराबस्सी हे गाव लागते. पंजाबातील साहिबजादा अजितसिंहनगर जिल्ह्याच्या एका तहसिलीचे हे ठाणे आज औषधांच्या, रसायनांच्या आणि सुताच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते; गावाची वस्ती विरळ होते न होते तोच घग्गर नदीचे रुंद, पावसाळ्याचे महिने सोडले तर रोडावलेले पात्र ओलांडावे लागते, मग झिरकपूरची गर्दी येते, आणि आकाश स्वच्छ असेल तर शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आखीव चौकटींचे चंदीगड नजरेस पडते. या संपूर्ण टापूत, डेराबस्सीपासून हिमाचलच्या उंबरठ्यापर्यंत, घरात कोणाला दुर्धर व्याधी जडली म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तोंडी प्रथम एकच शब्द येतो, आणि तो शब्द म्हणजे 'पीजीआय'. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि १९६७ साली राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून कायद्याने मान्यता पावलेल्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेचे हे जनमानसात रुळलेले नाव होय.

त्या संस्थेच्या किरणोपचार विभागात नव्वदीच्या दशकाच्या आरंभी एक यंत्र उभे राहिले, आणि त्या यंत्राच्या निमित्तानेच या प्रकरणाचा प्रपंच आहे. कर्करोगाच्या गाठीवर क्ष-किरणांचा भेदक झोत रोखणारे, चार दशलक्ष व्होल्ट इतक्या प्रतीचे असे ते रेषीय प्रवेगक यंत्र होते, आणि ते परदेशी पेटाऱ्यांतून उतरलेले नव्हते. मुंबईस पवई येथील 'समीर' ही संस्था, चंदीगडच्या तिसाव्या सेक्टरातील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना, म्हणजेच सीएसआयओ, आणि स्वतः पीजीआय या तिघींनी मिळून ते घडवले होते. यंत्राच्या सभोवतीचा पोलादी सांगाडा, रोग्यास निजविण्याचा फलक, नियंत्रणाचे मंच हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरे. परंतु त्या यंत्राचा प्राण जेथे वसत होता ती तांब्याची, हातभर लांबीची नळी झाकलेलीच राहिली होती, आणि त्या नळीच्या आत काय होते असे कोणी विचारले असते तर त्याचे खरे उत्तर 'काहीच नाही' असे द्यावे लागले असते. हे 'काहीच नाही' मिळवण्यासाठी मानवाने किती सायास केले आणि ते टिकवण्यासाठी त्यास कोणती विद्या शिकावी लागली, हे सांगण्याचा येथे यत्न आहे.

२

ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, की कळ फिरवल्याबरोबर आवाज येत नसे; आतील काचेच्या फुग्यांमध्ये तांबूस उजेड उजळे, लाकडी पेटीच्या पाठीमागे ऊब जाणवे, आणि मग कोठे दुरून यावा तसा निवेदकाचा स्वर हळूहळू मोठा होत जाई. ती प्रतीक्षा विनाकारण नव्हती. धातू पुरेसा तापला म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन बाहेर निसटू लागतात, ही गोष्ट एडिसनच्या दिव्यांच्या प्रयोगांत १८८३ च्या सुमारास दृष्टीस पडली होती. मात्र इलेक्ट्रॉन नावाचा कण आहे हे जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली दाखवून देईपर्यंत तिचा अर्थ कोणासही उलगडलेला नव्हता. १९०४ साली इंग्लंडात जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी तापलेले ऋणाग्र आणि थंड धनाग्र एका काचपात्रात समोरासमोर ठेवून विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी नलिका बनवली, आणि तिला पाण्याच्या झडपेवरून 'व्हॉल्व्ह' हे नाव दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोन अग्रांच्या मध्ये तारेचे एक जालक बसवले. या जालकावर दुर्बळ संदेशाचा दाब दिला असता इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्या संदेशाबरहुकूम कमीजास्त होई, आणि अशा रीतीने क्षीण ध्वनी बलवान करण्याची युक्ती मनुष्यजातीच्या हाती प्रथमच आली.

या शोधाच्या इतिहासात एक गोष्ट फार बोधप्रद आहे. डी फॉरेस्ट यांचा स्वतःचा समज असा होता, की नलिकेत थोडासा वायू शिल्लक राहणे तिच्या कार्यास आवश्यक आहे. ज्याने यंत्र शोधले त्यालाच त्याचे मर्म गवसले नव्हते. १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेतील टेलिफोन कंपनीचे हॅरोल्ड आर्नल्ड आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले की वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शिल्लक राहिलेला वायू हाच तिचा शत्रू असून, नलिका जितकी अधिक रिती करावी तितकी ती अधिक इमानाने वागते, आणि कालची नलिका व आजची नलिका यांच्या वर्तनात फरक पडत नाही. या रितेपणाच्या बळावर १९१५ साली न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को ही खंडाच्या दोन टोकांवरील नगरे टेलिफोनने एकमेकांशी बोलू लागली, आणि बारा वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईच्या नभोवाणी केंद्रावरून निघालेला आवाज आपल्याकडील श्रोत्यांच्या घरी पोहोचला.

निर्वात म्हणजे नेमके किती रिते, याची कल्पना आकड्यांवाचून येणार नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत एखादा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी जे अंतर चालतो ते सेंटिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. आषाढी एकादशीस महाद्वारात अडकलेल्या माणसाला पाऊल उचलण्यास जेवढी मोकळीक असते तेवढीही हवेतील कणाला नसते. हवेचा दाब मूळच्या अब्जाव्या भागावर आणला की तेच अंतर साठ-सत्तर मीटर इतके वाढते, म्हणजे वीतभर लांबीच्या नलिकेत इलेक्ट्रॉनाला वाटेत कोणीही भेटण्याचा संभव जवळजवळ उरत नाही. आणि तरीदेखील, इतके केल्यानंतरही, त्या 'रित्या' जागेच्या प्रत्येक घनसेंटिमीटरात सुमारे अडीच हजार कोटी रेणू शिल्लक राहिलेले असतातच. पूर्ण शून्य मनुष्याच्या हाती लागत नाही. त्याला शून्याच्या दिशेने चालत राहता येते, आणि प्रत्येक पावलाचे मोल त्याला मोजावे लागते.

३

रेडिओच्या लांब लहरींसाठी ही जालकयुक्त नलिका पुरेशी होती. परंतु लहरी जसजशा आखूड होऊ लागल्या तसतशी ती लंगडी पडू लागली, आणि त्याचे कारण मोठे सूक्ष्म आहे. दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरीचे सेकंदास तीनशे कोटी हेलकावे होतात, म्हणजे एका हेलकाव्यास सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा केवळ तिसरा हिस्सा लागतो. शंभर व्होल्टांच्या ओढीने ऋणाग्रापासून निघालेल्या इलेक्ट्रॉनाला अवघा एक मिलिमीटर ओलांडण्यास लागणारा वेळही जवळजवळ तेवढाच असतो. जालकाचा हुकूम घेऊन निघालेला इलेक्ट्रॉन धनाग्राच्या दारी पोहोचेपर्यंत हुकूम बदललेला असतो. सांडणीस्वार पोहोचण्यापूर्वी दरबारचे धोरण पालटावे आणि त्याच्या हातची सनद निरर्थक ठरावी, तशी ही स्थिती होय. आखूड लहरी त्यापूर्वी कोणी निर्माण केल्याच नव्हत्या असे मात्र नाही. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरी उत्पन्न करून त्यांचे परावर्तन, वक्रीभवन आणि ध्रुवीकरण दाखवले होते. परंतु त्यांच्या लहरी ठिणगीतून जन्म घेत होत्या, आणि ठिणगीतून निघणारी लहर म्हणजे एक आघात, अखंड वाहणारी धारा नव्हे. लहर आखूडही हवी, बलवानही हवी आणि शिस्तीतही हवी, हा प्रश्न पुढील चार दशके अनुत्तरित राहिला.

त्याचे एक उत्तर कॅलिफोर्नियात रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या दोन बंधूंनी दिले. थिऑसॉफिस्टांच्या हॅल्सियन नामक वसाहतीत वाढलेल्या या भावांपैकी सिगर्ड हा वैमानिक होता. मध्य अमेरिकेतील डोंगराळ प्रदेशावरून रात्री-अपरात्री, ढगाधुक्यातून विमाने हाकताना मार्ग दाखवणारे व शत्रूच्या विमानाची चाहूल देणारे साधन हवे, ही निकड त्याने प्रत्यक्ष अनुभवली होती. रसेल पदार्थविज्ञानाचा जाणकार होता. १९३७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांना वेतन दिले नाही. मात्र प्रयोगशाळेत बसण्याची जागा आणि साहित्यासाठी वर्षास शंभर डॉलर देऊ केले, आणि त्या मोबदल्यात पुढे काही उत्पन्न झाल्यास त्यात निम्मा हिस्सा राखून ठेवला. तेथे विल्यम हॅन्सन यांनी आखूड लहरी ज्यात घुमत राहतात अशी तांब्याची कोटरे आधीच सिद्ध केली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टात या तिघांच्या मेहनतीतून 'क्लिस्ट्रॉन' जन्मास आला.

क्लिस्ट्रॉनची कल्पना समजावून घेण्यास महाराष्ट्रातील माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. आषाढी वारीच्या पालख्या एका दिवशी निघत नाहीत. जिचा पल्ला लांबचा ती मुक्ताईनगरची पालखी फार आधी प्रस्थान ठेवते, आळंदी-देहूच्या पालख्या मागाहून निघतात, आणि तरीही दशमीच्या सुमारास वाखरीच्या तळावर साऱ्यांचा मेळा भरतो. क्लिस्ट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉनांचा एकसारखा प्रवाह पहिल्या कोटरातून जात असताना तेथील क्षीण लहर काही इलेक्ट्रॉनांना किंचित थोपवते आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांना किंचित पुढे ढकलते. मग मधल्या रित्या वाटेवर कोणीही न ढकलता मागचे वेगवान पुढच्या मंद गतीच्यांना गाठतात, आणि दुसऱ्या कोटराच्या तोंडाशी ते सारे एकवटून, थव्याथव्यांनी येऊन पोहोचतात. हे थवे दुसऱ्या कोटरावर तालाने आघात करतात आणि आपली ऊर्जा त्यास अर्पण करतात. जी लहर क्षीण होती ती तेथे शतपट, सहस्रपट बलवान होऊन बाहेर पडते. ज्या प्रवासकाळाने जुन्या नलिकेचा घात केला, त्याच प्रवासकाळाला या बंधूंनी कामास लावले. दोषाचाच गुण करून घेण्याचे असे उदाहरण शास्त्रांच्या इतिहासात दुर्मीळ आहे. आणि मधली वाट रिती नसती, वाटेत वायूचे रेणू आडवे आले असते, तर तो मेळा कधी जमलाच नसता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे उत्तर युद्धाच्या घाईत सापडले. चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉनांची वाट वाकवणारी मॅग्नेट्रॉन नावाची नलिका अल्बर्ट हल यांनी १९२१ साली वर्णिली होती. लेनिनग्राड येथे अलेक्सेयेव्ह आणि माल्यारोव्ह यांनी १९३६-३७ मध्ये तिला कोटरांची जोड दिली होती. परंतु त्यांची वार्ता बाहेरच्या जगास पोहोचली नव्हती. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या एका जाड ठोकळ्यात मध्यभागी एक आणि सभोवती सहा भोके कोरली, मधल्या भोकात तापणारे ऋणाग्र बसवले, ठोकळा चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धरला, आणि २१ फेब्रुवारी १९४० रोजी त्यातून सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी चारशे वॉट इतक्या शक्तीने बाहेर पडल्या. पाव्याच्या छिद्रावरून फुंकर जाताना जशी आतील हवा आपल्या ठराविक स्वरात घुमू लागते, तसे चुंबकाच्या ओढीने वर्तुळाकार फिरणारे इलेक्ट्रॉन त्या कोटरांच्या तोंडांवरून जाताना त्यांना आपल्या ठराविक कंप्रतेने घुमवीत होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सर हेन्री टिझर्ड यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने हे गुपित एका पेटीतून अमेरिकेस नेले, तेथे त्याच्या पायावर रडारची मोठी प्रयोगशाळा उभी राहिली, आणि विमाने, जहाजे, पाणबुड्या यांना रात्रीच्या काळोखाचा आसरा उरला नाही.

याच बर्मिंगहॅमात, याच काळात, रुडॉल्फ कॉम्फनर या मूळच्या वास्तुशिल्पी असलेल्या ऑस्ट्रियन गृहस्थाने इलेक्ट्रॉनांचा झोत मळसूत्री तारेच्या आतून सोडून लहर आणि झोत यांना बरोबरीने प्रवास करावयास लावणारी तिसरी नलिका, म्हणजेच प्रगामी तरंग नलिका, शोधली. अमेरिकेत जॉन पिअर्स यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली, आणि १९६२ साली आकाशात गेलेल्या टेलस्टार या दळणवळण-उपग्रहात तीच बसवण्यात आली. घरोघरच्या मायक्रोवेव्ह भट्टीत आज जो मॅग्नेट्रॉन अन्न तापवतो तो रँडल आणि बूट यांच्या ठोकळ्याचाच वंशज आहे. पर्सी स्पेन्सर यांनी युद्ध संपतासंपता, १९४५ साली, त्याचा हा पाकशास्त्रीय उपयोग हेरला.

४

शत्रूची विमाने शोधण्यास जन्मलेली ही साधने रुग्णालयाच्या दारी कशी आली, हा या कथेचा सर्वांत हृद्य भाग आहे. युद्ध संपल्यानंतर रडारवर काम केलेल्या मंडळींच्या ध्यानात आले, की ज्या लहरी इलेक्ट्रॉनांपासून ऊर्जा घेऊन बलवान होतात, त्याच लहरींकडून उलट मार्गाने इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देवविता येईल. तांब्याच्या नळीत एकापुढे एक अशी कोटरे रचावी, त्यांत मॅग्नेट्रॉनची किंवा क्लिस्ट्रॉनची प्रचंड लहर सोडावी, आणि एका टोकाकडून इलेक्ट्रॉनांचे थवे अशा बेताने आत पाठवावे की प्रत्येक कोटरात त्यांना पुढे ढकलणारी लाटच भेटावी; पाळणा झुलवणारी आई ज्या क्षणी हात लावते तो क्षण चुकत नाही, तसा हा ताल चुकता कामा नये. चार दशलक्ष व्होल्टांच्या यंत्रात इलेक्ट्रॉन या रीतीने हातभर अंतरात प्रकाशाच्या वेगाच्या नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक वेग गाठतो. मग तो टंगस्टनसारख्या जड धातूच्या लक्ष्यावर आदळतो, आणि त्या आघातातून निघणारे क्ष-किरण शिशाच्या जबड्यांतून हवा तेवढाच झोत होऊन बाहेर येतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५३ साली मॅग्नेट्रॉनवर चालणाऱ्या अशा यंत्राने रुग्णांवर उपचार सुरू झाले, आणि १९५६ साली स्टॅनफर्डला हेन्री कॅपलान आणि एडवर्ड गिंझ्टन यांच्या यंत्राने एका बालकाच्या डोळ्यातील गाठीवर उपचार करून त्याची दृष्टी राखली.

येथे कोणी विचारील, की किरणोत्सर्गी कोबाल्टचा गोळा शिशाच्या पेटीत ठेवून हेच कार्य साधत असताना इतक्या उठाठेवीचे प्रयोजन काय? कोबाल्टच्या यंत्राने आपल्या देशात लक्षावधी रोग्यांना दिलासा दिला आहे, आणि त्याचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु कोबाल्टचे बळ दर सव्वापाच वर्षांनी निम्म्यावर येते, त्याचा किरणोत्सर्ग कळ दाबून बंद करता येत नाही, आणि त्याच्या झोताची कड रेषीय प्रवेगकाच्या झोताइतकी रेखीव नसते. गाठ मज्जारज्जूपासून बोटभर अंतरावर असेल तेव्हा ही रेखीव कड म्हणजे रोग्याच्या पायांतील चालण्याची शक्ती राहील की जाईल याचा निवाडा असतो.

५

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे होमी भाभा यांनी १९४५ साली उभारलेल्या विद्यामंदिरात, सूक्ष्मतरंगांच्या तंत्राची परंपरा प्रारंभापासून जोपासली गेली होती. तिच्यातूनच १९७७ साली सूक्ष्मतरंगांच्या खास उपकरणांसाठी एक पथक निघाले, आणि १९८४ साली त्याचेच रूपांतर इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या छत्राखालील स्वायत्त संस्थेत झाले. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'समीर' हा शब्द झाला. वाऱ्याचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेचे एक प्रमुख काम नलिकेतून वारा काढून टाकण्याचे असावे, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांना प्रवेग देणारा मायक्रोट्रॉन घडवला गेला. अर्थात मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात या विद्येची जाण असलेली माणसे होती. चंदीगडास १९६२ साली स्थिरावलेल्या सीएसआयओपाशी दुसरी विद्या होती, ती म्हणजे सूक्ष्म यांत्रिकीची. त्या संस्थेच्या आवारात स्विस सहकार्याने १९६३ साली प्रशिक्षण केंद्र निघाले, आणि शेकडो तरुणांच्या हातांना मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब पाळण्याची सवय तेथे लागली.

चंदीगडच्या यंत्राच्या कामाची वाटणी या गुणांबरहुकूम झाली. तांब्याची प्रवेगक नळी आणि तिला लहर पुरविणारे अंग समीरने पत्करले. रोग्याभोवती फिरणारा जड बाहू, फलक आणि यांत्रिक सांगाडा हे सीएसआयओकडे आले. आणि यंत्र रोग्याच्या उपयोगी पडते की नाही याचा अखेरचा कौल पीजीआयच्या वैद्यांकडे राहिला. हा कौल देणारे शेजारी होते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. सीएसआयओपासून पीजीआय काही मैलांवर आहे. बाहू एक मिलिमीटर झुकला तर त्याची तक्रार पत्रव्यवहाराच्या दप्तरात महिनोन्‌महिने पडून राहण्याऐवजी त्याच दिवशी घडवणाऱ्याच्या कानी पडू शकते.

याच सुमारास चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत अर्धसंवाहक चकत्यांचा सरकारी कारखाना उभा होता. १९८४ साली तेथे उत्पादन सुरू झाले, आणि १९८९ च्या फेब्रुवारीतील आगीने त्याची मोठी हानी केली. १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मास आल्यापासून निर्वात नलिकेचे दिवस भरले असे जग मानत होते, आणि रेडिओच्या पेटीपुरते ते खरेही ठरले. १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठीच्या दशकारंभी बंगळूर येथे रेडिओचे व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर काढण्यास प्रारंभ केला, आणि ते व्हॉल्व्ह दोन-तीन दशकांत बाजारातून दिसेनासे झाले. मग मोहालीच्या स्फटिकांशेजारी चंदीगडात तांब्याच्या पोकळ नळीवर श्रम खर्च करण्यात काय हशील होते? याचे उत्तर पदार्थाच्या स्वभावात आहे. स्फटिकातून वाहणारा इलेक्ट्रॉन पावलोपावली अणूंवर आदळतो, आणि त्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा त्या चिमुकल्या स्फटिकालाच तापवण्यात खर्च होतो. निर्वातातील इलेक्ट्रॉन मात्र आपली सारी ऊर्जा वाटेत न सांडता घेऊन जातो, आणि उरलेली उष्णता जाड तांब्यात जिरते, जेथे तिला पाण्याने वाहून नेता येते. रेषीय प्रवेगकाला एका स्पंदापुरती, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरती, वीस लक्ष वॉट शक्ती लागते, आणि असे स्पंद सेकंदास शेकड्यांनी द्यावे लागतात. एवढी शक्ती एका लहानशा साधनातून काढणे अजूनही मॅग्नेट्रॉनच्याच आवाक्यातील गोष्ट आहे. अर्धसंवाहकांची सत्ता वर्षागणिक वाढत आहे हे खरे. परंतु जेथे अफाट शक्ती आणि आखूड लहर एकत्र हवी, तेथील मामलत आजही निर्वाताकडे आहे. म्हणूनच राजस्थानात पिलानी येथे, १९५३ साली कोनशिला बसलेल्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने क्लिस्ट्रॉन, मॅग्नेट्रॉन आणि प्रगामी तरंग नलिका घडविण्याचा वसा सोडला नाही.

६

आता ज्या विद्येचे नाव या प्रकरणाच्या माथ्यावर घातले तिच्याविषयी सांगितले म्हणजे कथा पुरी होईल. क्लिस्ट्रॉनचे गणित छापील ग्रंथांत मिळते, मॅग्नेट्रॉनच्या आकृत्याही मिळतात; जे मिळत नाही ते म्हणजे नलिका रिती करण्याचे आणि रिती ठेवण्याचे हातचे कसब. तांबे घ्यावे तर ते प्राणवायूरहित असावे लागते, कारण धातूच्या कणाकणांत दडलेला वायू तापल्यावर बाहेर येतो. भाग कोरल्यानंतर ते धुवावेत, आणि धुतल्यावर उघड्या हाताने शिवू नयेत. बोटाच्या एका ठशातील तेल नलिकेच्या आत महिनोन्‌महिने वाफ सोडीत राहते. जोड द्यावा तर हायड्रोजनने भरलेल्या भट्टीत, चांदीच्या किंवा सोन्याच्या मिश्रधातूने द्यावा, म्हणजे सांध्यावर काजळी धरत नाही. जेथे वीज आत न्यावयाची तेथे धातू आणि चिनी मातीसारखा कठीण पदार्थ यांची सोयरीक जमवावी लागते, आणि तापल्यावर दोघे एकाच मापाने फुगले नाहीत तर ती सोयरीक तडकते. मग सबंध नलिका पंपाला जोडून कित्येक तास, कधी कित्येक दिवस, शेकडो अंशांपर्यंत भाजत ठेवावी, म्हणजे भिंतींना चिकटलेले पाण्याचे आणि वायूचे थर सुटतात. शेवटी सांध्यासांध्यावर हेलियमची फुंकर घालून आतील मापक यंत्रास हेलियमचा वास लागतो का ते पाहावे. जो सांधा पाण्याचा थेंबही झिरपू देणार नाही, त्यातूनही हेलियमचा अणू वाट काढतो आणि कारागिराचा दोष उघडकीस आणतो.

या सगळ्या पायऱ्यांपैकी एकही पायरी गाळता येत नाही, एकीचे काम दुसरीवर ढकलता येत नाही, आणि चुकीचा पुरावा बहुधा काम संपल्यानंतरच मिळतो. आपल्याकडील तांबट आणि सोनार यांना झाळ देण्याचे मर्म पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; परंतु येथे भांडे पाणी धरण्यासाठी घडवायचे नसून शून्य धरण्यासाठी घडवायचे असते, आणि ते सुस्थितीत आहे की नाही याचा निकाल भांड्याकडे पाहून लागत नाही. परदेशी नलिका विकत आणणाऱ्याला वस्तू मिळते, ही शिस्त मिळत नाही. ती ज्याची त्याने आपल्या हातांनी, फुटलेल्या सांध्यांची आणि वाया गेलेल्या भाजणींची किंमत मोजून, मिळवावी लागते. चंदीगडच्या त्या यंत्राचे मोल आम्हाला वाटते ते या कारणाने. त्याच्याहून बलवान यंत्रे तेव्हा जगात होती, आणि पुढे आपल्याकडेही झाली. परंतु देशात घडलेली नळी देशातील रोग्याच्या शरीरावर झोत सोडण्याइतकी विश्वसनीय ठरली, ही सनद प्रथम तेथे मिळाली. त्याच परंपरेतील सहा दशलक्ष व्होल्टांचे यंत्र पुढे आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसवण्यात आले, आणि विदर्भातील शेतकऱ्याला ज्या उपचारासाठी दूरचे शहर गाठावे लागे तो त्याच्या परिसरात आला.

अशा यंत्राच्या दालनात दिवसाचा शेवटचा रोगी उठून गेला म्हणजे तंत्रज्ञ उच्च दाबाची वीज बंद करतो, मॅग्नेट्रॉन निवतो, फिरणारा बाहू आपल्या जागी स्थिर होतो, आणि जाड भिंतींचे ते दालन काळोखात बुडते. परंतु तांब्याच्या नळीला जोडलेला एक लहानसा पंप, ज्यास आयन-पंप म्हणतात, तो बंद करण्याची रीत नाही. तांब्याच्या अंगातून, सांध्यांच्या अदृश्य छिद्रांतून वायूचे रेणू अहोरात्र आत येतच असतात, आणि तो पंप त्यांना एकामागून एक टिपून आपल्या टायटॅनियमच्या पत्र्यात गाडून टाकीत असतो. या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला दिव्याची गरज नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी डेराबस्सीहून पहिल्या बसने निघालेला रोगी फलकावर निजेल तेव्हा इलेक्ट्रॉनाची वाट मोकळी असावी, एवढ्यासाठी तो जागत असतो.